पहिल्याला तीनशे, पुढच्याला पन्नास

"अस्वलाला किती जागा लागत असेल गं?" बाबांनी फोनवर विचारलं, तेव्हा मी एका परक्या बाईच्या कपाटाला टेप लावून उभी होते.

घरं हलवून देणाऱ्या एका कंपनीत मी अंदाज घेण्याचं काम करते. लोकांनी घर सोडायचं ठरवलं की आधी मी जाते, घरभर फिरते, पलंग, कपाटं, भांडीकुंडी नजरेखालून घालते आणि यांचं सामान छोट्या गाडीत मावेल की मोठी लागेल ते सांगते. अठरा वर्षांत माझा अंदाज दोनदाच चुकला. त्यातल्या एका वेळी त्या लोकांनी मागच्या खोलीत पियानो असल्याचं सांगितलंच नव्हतं, त्यामुळे ती चूक मी माझ्या नावावर धरत नाही.

"कुठलं अस्वल?" मी विचारलं.

"काळं. साधंच. वय झालंय त्याचं."

"बाबा, मी कामात आहे."

"ते कळलं. टेप हातात असेल ना, म्हणून तर आत्ता केला फोन."

कपाटवाल्या बाई माझ्याकडे बघत होत्या. मी त्यांच्याकडे बघून हसले आणि घाईघाईत म्हटलं, "सात बाय तीन," कारण अस्वल आडवं झालं तर साधारण तेवढंच होत असणार. बाबा म्हणाले, "खेळात तर तीनशे म्हणतात," आणि त्यांनी फोन ठेवला. तीनशे काय, ते सांगितलं नाही. दिवसभर ते तीनशे माझ्या डोक्यात घोंघावत राहिलं.

खेळाचं असं होतं. माझा धाकटा भाऊ, आमच्या घरी त्याला नुसतं धाकटा म्हणतात, तो दूरदेशी असतो. त्याने नवा संगणक घेतला आणि जुना बाबांकडे पाठवून दिला. त्यात एक खेळ होता. त्यात आपण प्राणिसंग्रहालय बांधायचं. पिंजरे आखायचे, झाडं लावायची, पाणी सोडायचं, प्राणी आणायचे. प्राणी सुखी आहे की नाही हे त्याच्या डोक्यावर एका पट्टीत टक्क्यांत दिसतं. वर्षभर बाबांनी त्या संगणकावर नुसतं कापड पांघरून ठेवलं होतं. मग त्यांचा गुडघा गेला, डॉक्टरांनी जिने बंद केले, आणि चौथ्या मजल्यावर बसून करायचं काय म्हणून त्यांनी ते कापड काढलं.

टक्क्यांची पट्टी म्हटल्यावर बाबा त्यात रमणारच होते. चौतीस वर्षं त्यांनी घरोघर जाऊन विजेचे मीटर वाचले आहेत. रोज पंधरा-सोळा मैल पायी, खांद्याला पिशवी, हातात वही. त्यांचं एकच तत्त्व होतं, माणसाला विचारायचं नाही, काट्याला विचारायचं. माणूस म्हणतो आम्ही महिनाभर घरात नव्हतो, काटा म्हणतो रोज रात्री पंखा चालू होता. घरातही तेच. लहानपणी मला ताप आला तर बाबांनी कधी "कसं वाटतंय" असं विचारलं नाही. थर्मामीटर उजेडात धरून ते मला सांगायचे, "तुला आता बरं वाटतंय." आणि गंमत म्हणजे मला खरंच बरं वाटायचं.

आई जाऊन सहा वर्षं झाली. जिने बंद म्हटल्यावर बाबांनी त्या घरात राहण्यात अर्थ नव्हता. माझं घर तळमजल्यावर आहे, मी एकटी राहते, मागची खोली रिकामी. रिकामी म्हणजे तिथे मी पुठ्ठ्याची खोकी ठेवते, पण ती भिंतीला लावून ठेवली की कळतही नाहीत. मी बाबांना म्हटलं, माझ्याकडे या. मी खोली मोजली, चौकटीच्या कागदावर नकाशा काढला, त्यात त्यांचा पलंग, कपाट, संगणकाचं टेबल अगदी इंचाइंचाने बसवलं आणि त्याचा फोटो त्यांना पाठवला. खोलीच्या एका कोपऱ्यात इमारतीचा खांब निम्मा आत आलाय. तो मेला खांब नसता तर आणखी एक कपाटसुद्धा बसवलं असतं. इतकं सुबक काम मी गिऱ्हाइकासाठीही केलं नव्हतं.

बाबांचं उत्तर आलं, "बरं."

आता या "बरं"चं काय करायचं? बाबांचं बरं म्हणजे होही असतं, नाहीही असतं, आणि कधी कधी नुसतं ऐकू आलं एवढंच असतं. महिनाअखेरीस गाडी ठरवली होती. आमचीच गाडी, आमचाच ड्रायव्हर. पण ते मनापासून यायला तयार आहेत का, हे मला कळत नव्हतं, आणि ते यावेत असं मला फार वाटत होतं. त्यांची सेवा वगैरे करायला मिळावी म्हणून नव्हे. सेवेत मी मुळीच चांगली नाही. संध्याकाळी घरी पोचल्यावर घरात आधीच दिवा लागलेला असावा, एवढंच मला हवं होतं. अकरा वर्षं तो मीच लावते आहे.

मी त्यांना यायचं विचारायला फोन केला की ते अस्वलाबद्दल बोलायचे. ताकास तूर लागू देत नव्हते.

"ऐक, फूटपट्टी," ते म्हणाले. मला ते लहानपणापासून फूटपट्टी म्हणतात. "तीनशे म्हणजे चौरस मीटर. पहिल्या अस्वलाला तीनशे. पुढच्या प्रत्येकाला पन्नास."

"पुढच्याला पन्नासच? का? दुसरं अस्वल पिल्लू असतं का?"

"नाही. तेवढंच मोठं."

"मग ते काय हवा खाऊन राहतं?"

"असं लिहिलंय खरं."

मला हे मुळीच पटेना. कपाट एक असो की चार, प्रत्येक कपाट आपली जागा घेतंच. दुसऱ्या कपाटाला पहिल्याच्या सहाव्या हिश्शाएवढी जागा पुरते असं मी गिऱ्हाइकाला सांगितलं तर ते मला जिन्यावरून खाली ढकलतील. मी आमच्या ड्रायव्हरला विचारलं. तो म्हणाला, "घाऊक भाव असेल, ताई." त्याने गाडी चालवत चालवतच हा निकाल दिला आणि पुन्हा त्यावर विचार केला नाही. मी मात्र घरी जाऊन कागद घेऊन बसले. तीनशे चौरस मीटर म्हणजे तीन हजारांवर चौरस फूट. माझं अख्खं घर त्याच्या पाचव्या हिश्शाएवढं नाही. एका अस्वलासाठी? दोन कागद भरले तरी मला ओ की ठो कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन.

"पिंजरा अकरा बाय नऊ आहे," बाबा म्हणाले.

"तीनशे लागतात म्हणालात ना? मग वाढवा."

"वाढत नाही."

"का वाढत नाही? खेळ आहे तो, बाबा. भिंत धरायची आणि ओढायची."

"ही भिंत नाही ओढता येत."

"बरं. आत काय काय आहे?"

"मोठा दगड आहे, सहा बाय तीन. फाटक उघडलं की दगडाला अडतं."

"मग फाटक हलवा."

"फाटक हलत नाही."

"मग दगड काढून टाका."

"दगड लागतो. त्यावर ते झोपतं."

"अस्वल जमिनीवर झोपेल की."

"जमिनीवरून उठताना त्रास होतो त्याला."

मी थक्क झाले. "इतकं बारीक असतं का हो त्या खेळात?"

"फार बारीक," बाबा म्हणाले.

तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण मला काय वाटलं, तर म्हातारपणी बाबांना चांगला नाद लागला, डोकं चालतं राहील. मी त्यांना मनापासून मदत करत होते. कामाच्या मधेमधे वहीच्या मागच्या पानावर अस्वलाचा पिंजरा आखत होते. दगड इकडे, ओंडका तिकडे. एकदा त्यांनी सांगितलं की खेळात दोन आकडे येतात, एक मोकळी जागा आणि एक पोचण्याजोगी जागा, आणि हा दुसरा आकडा नेहमी कमीच असतो. मी म्हटलं, जागा मोकळी आहे तर पोचता का येत नाही? ते म्हणाले, मधली फट अरुंद असली तर अस्वल तिथे शिरत नाही, मग ती जागा धरत नाहीत. मला हे लबाडीचं वाटलं. जागा ती जागा. आमच्या गाडीत बोटभर फटीतसुद्धा मी एक इस्त्रीचं टेबल सरकवते.

शेवटी एका दुपारी माझं डोकं फिरलं. तिसऱ्या मजल्यावरचं घर होतं, तिथल्या बाईंना एकही वस्तू टाकायची नव्हती, आणि त्यात बाबांचा फोन, पट्टी दहा टक्क्यांच्या वर सरकत नाही म्हणून. मी म्हटलं, "मग अस्वलाला सांगा, अंग चोरून बस म्हणावं. अंथरूण पाहून पाय पसरावेत माणसाने. अस्वलानेसुद्धा."

बाबा म्हणाले, "बरं."

त्यानंतर चार दिवस त्यांचा फोन आला नाही. पहिले दोन दिवस मला सुटल्यासारखं वाटलं. तिसऱ्या दिवशी मी फोन दोनदा तपासून पाहिला, बिघडला तर नाही ना.

रविवारी मी त्यांच्याकडे गेले. सामानाची यादी करायची होतीच. चार मजले चढून मी धापा टाकत दार वाजवलं, तर आत पावलांचा आवाज चालू होता तो दारापर्यंत आला. बाबा जेवणानंतर आणि जेवणाआधी घरात फेऱ्या घालतात. स्वयंपाकघराच्या ओट्यापासून गॅलरीच्या कठड्यापर्यंत. गुडघा दुखला तरी घालतात, दुखऱ्या पायाला थोडं मागे ठेवून. चौतीस वर्षं चाललेल्या पायांना बसवत नाही, असं आई म्हणायची. फेऱ्यांच्या वाटेवरची फरशी बाकीच्या फरशीपेक्षा गुळगुळीत झाली आहे. हे मी आजवर शेकडो वेळा पाहिलं होतं आणि माझ्या यादीत ते कुठेच नव्हतं.

"तू कर तुझी यादी," ते म्हणाले. "मी आंघोळ उरकतो." गुडघ्यामुळे त्यांना हल्ली आंघोळीला अर्धा तास लागतो.

मी पलंग मोजला, कपाट मोजलं, टेबलापाशी आले. संगणक चालूच होता. पडद्यावर बाबांचं प्राणिसंग्रहालय उघडं होतं. मी पहिल्यांदाच ते पाहत होते, आणि कबूल करते, ते सुंदर होतं. जिराफांना मैदान होतं, पाणघोड्यांना तळं होतं, सगळ्यांच्या डोक्यावर हिरव्या पट्ट्या, नव्वद, पंच्याण्णव. बाबांनी काटकसर म्हणून कुठे केली नव्हती. मी माउस सरकवत सरकवत अस्वल शोधायला लागले. बऱ्याच वेळाने अगदी टोकाला, कचऱ्याच्या शेडमागे, एक लहानसा पिंजरा दिसला. त्यात एक दगड होता, एक ओंडका होता, एक सपाट चौथरा होता आणि एका भिंतीलगत चौकोनी लाकडी खोक्यांची रांग होती. अस्वल नव्हतं.

मी तो पिंजरा पाहत राहिले. काहीतरी चुकत होतं आणि काय ते कळत नव्हतं. कुणी ओळखीचं माणूस भलत्याच गावी भेटावं आणि नाव आठवू नये, तसं झालं. पिंजऱ्यात खोकी कशाला? अस्वल खोक्यांचं काय करणार? फाटक कोपऱ्याला चिकटून का? मग माझी नजर समोरच्या कोपऱ्याकडे गेली. तिथे बाबांनी एक चौकोनी खांब उभा केला होता, निम्मा भिंतीत, निम्मा आत.

त्या खांबाला मी महिनाभर शिव्या दिल्या होत्या.

शेजारी बाबांची वही होती. मीटरची असायची तशीच, लांबट, रकाने आखलेली. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, "एक फूट म्हणजे एक मीटर धरला." खाली तारखा होत्या आणि त्यांचं ते सुवाच्य, उभं अक्षर.

"ता. ३. नकाशाप्रमाणे मांडलं. मोकळी ४९, पोचण्याजोगी ३१. पट्टी १० टक्के."

"ता. ५. दगड फिरवला. फाटक तरीही पुरतं उघडत नाही."

"ता. ६. ओंडका (कपाट) आणि दगड यांत एक फूट. अस्वल मधे शिरत नाही."

"ता. ९. चौथरा (संगणक) काढून पाहिला. पोचण्याजोगी ३७. पट्टी १२."

"ता. ११. खोकी काढावीत का? ती तिची आहेत. परत ठेवली."

"ता. १२. सल्ला मिळाला, अंग चोरून बसणे."

"ता. १३. अस्वल काढलं. बाकी सगळं नीट बसतं."

मी खुर्ची ओढली आणि पानं उलटली. वहीच्या शेवटच्या पानात घडी घातलेला एक कागद होता, एका वृद्धनिवासाचा अर्ज. नाव, वय, आजार, सगळं भरलेलं. "येथे येण्याचे कारण" या रकान्यात त्यांनी एकच शब्द लिहिला होता, "सोय". माहितीत "चालण्यासाठी बाग" असं छापलेलं होतं, त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. सही तेवढी राहिली होती.

न्हाणीघरात पाण्याचा आवाज येत होता. मला राग आला, मग रडू आलं, मग कुणाचा राग आला होता तेच कळेना. मी काय चुकलं ते शोधायला फोनमधला माझा नकाशा काढला. अकरा बाय नऊ. दगड, म्हणजे पलंग, इथे. कपाट समोर. मधे एक फूट. एवढ्या फटीत त्या कपाटाचं दार उघडणार कसं?

आमच्या धंद्यात कपाट उघडत नाही. कपाटाला चिकटपट्टी लावतात, दोरी बांधतात, मग मी त्याचं माप घेते. याला आम्ही बंद माप म्हणतो. खण बंद, दारं बंद, खुर्च्या एकमेकींवर उलट्या. गाडीत कुणी कपाट उघडून सदरा काढत नाही, कुणी पलंगावरून उतरून खिडकीपाशी जात नाही. गाडीत माणूस नसतोच. अठरा वर्षांच्या सवयीने मी बाबांची खोली तशीच लावली होती, आणि दाराला चिकटपट्टी लावायची तेवढी ठेवली होती. सगळं सामान मोजलं होतं. त्या सामानात बाबांना राहायचं होतं, ते मोजलं नव्हतं.

बाबा टॉवेलने कान पुसत बाहेर आले. माझ्या हातात वही पाहून थांबले.

"अस्वल कुठंय?" मी विचारलं.

"कोठीत ठेवलंय. खेळात तशी सोय असते."

"आणि ही सोय?" मी अर्ज पुढे केला.

ते पलंगाच्या कडेवर बसले, गुडघा हाताने धरून सावकाश सरळ केला. "तिथे बाग आहे," ते म्हणाले. "फिरायला बरी."

"माझ्याकडे नाही जागा?"

"तू मोजलीस ना. तुझा अंदाज कुठे चुकतो."

"बाबा, मला नुसतं सांगायचं होतंत. खोली लहान पडते म्हणायचं. एका वाक्याचं काम होतं."

"तू काय म्हणाली असतीस? नका येऊ, असं थोडीच म्हणणार होतीस. म्हणाली असतीस, होईल हो बाबा, करू काहीतरी. माणूस तोंडदेखलं बोलतो. म्हणून म्हटलं, काट्यालाच विचारावं." ते टॉवेलची घडी घालायला लागले. "काट्याने दहा सांगितलं."

"त्या काट्याला माझं मन कळतं का?"

"मन नाही कळत. जागा कळते."

बाबांशी भांडताना नेहमी असंच होतं, ते आकडा पुढे करतात आणि माझ्याकडे नुसता आवाज उरतो. मी नाक पुसलं. डोक्यात सगळा गुंता झाला होता, फूट, मीटर, दगड, पलंग. आणि त्या गुंत्यातून तोच जुना प्रश्न वर आला, आणि काहीतरी बोलायचं म्हणून मी तोच विचारला.

"पुढच्याला पन्नासच का लागतात पण?"

"काय?"

"पहिल्याला तीनशे आणि पुढच्याला पन्नास. का?"

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी दोन अधिक दोन किती ते विचारलंय. "अगं, दोघं त्याच जमिनीवर फिरतात ना. एक झाडाखाली असतं तेव्हा दुसरं पाण्यावर. दुसऱ्याला नवी जमीन लागत नाही. आहे ती सगळी दोघांची असते. पन्नास वर लागतात ते एकमेकांच्या वाटेत येतात म्हणून."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो कळसा दोन आठवडे माझ्याच काखेत होता.

"मग तुम्ही नुसती खोली का मांडलीत?" मी म्हटलं. "घर का नाही मांडलं?"

"तू खोलीचाच नकाशा पाठवला होतास. भोवती कोरा कागद होता."

खरंच होतं ते. मी खोलीभोवती काही काढलंच नव्हतं. त्यांची म्हणून एक खोली आखली आणि बाकीचं घर माझं म्हणून कागदावर आणलंच नाही. हे मी ठरवून केलं नव्हतं, पण कागदावर तसंच दिसत होतं.

मी अर्ज उलटा केला. मागची बाजू कोरी होती. "पेन द्या," मी म्हटलं.

"त्यावर कशाला लिहितेस? अर्ज आहे तो."

"पेन द्या, बाबा."

त्यांनी दिलं. मी मांडायला लागले. बाहेरची खोली सोळा बाय बारा. माझी झोपायची बारा बाय दहा. मागची अकरा बाय नऊ. मधली बोळ बारा बाय तीन. स्वयंपाकघर सोडून, तिथे फेऱ्या घालायला मी कुणाला येऊ देणार नाही. बाबा शेजारी सरकले आणि माझ्याआधी बेरीज बोलले, "चारशे सत्तेचाळीस."

"आता सामान वजा. माझं, तुमचं, दोघांचं. आणि उघडं माप धरून. दारं उघडी, खण उघडे."

"खोकी?"

"खोकी कंपनीच्या गोदामात जातील. मुळात ती कंपनीचीच आहेत. मला नेऊन टाकायचा कंटाळा."

सामानाला आम्ही पंधरा मिनिटं घेतली. बाबा एकेक वस्तू आठवून विचारत होते, मी माप सांगत होते. माझ्या सोफ्यावरून जरा वाजलं, त्यांच्या मते तो उगाच रुंद आहे. शेवटी वजा शंभर झाले.

"तीनशे सत्तेचाळीस," बाबा म्हणाले. "दोघांना तीनशे पन्नास लागतात." त्यांनी पेन खाली ठेवलं. "तीन कमी."

त्यांच्या आवाजात मला निराशा ऐकू आली, आणि त्या क्षणी मला कळलं की त्यांना यायचं होतं. पहिल्या दिवसापासून यायचं होतं. यायचं नसतं तर कुणी दहा टक्क्यांच्या पिंजऱ्यात दोन आठवडे दगड फिरवत बसलं नसतं.

"दाराशी चपलांचं कपाट आहे," मी म्हटलं. "तीन बाय एक. ते काढते."

"चपला कुठे ठेवशील?"

"बाहेर. पायऱ्यांवर. कुत्रं घेऊन गेलं तर नवीन आणेन."

बाबांनी पेन उचललं, तीनशे पन्नास लिहिलं आणि त्याकडे बघत राहिले. मीटरचा आकडा उतरवून झाल्यावर ते पुन्हा एकदा काट्याकडे पाहायचे, तसं.

"एक अडचण आहे," ते म्हणाले.

"आता काय?"

"हे अस्वल एकट्याने राहणारं आहे. खेळात तसं लिहिलंय. दुसरं आणलं की भांडतात. लाल अक्षरात येतं."

"किती भांडतात?"

"रोज."

"भांडू," मी म्हटलं.

बाबांनी वही पुढे ओढली, नव्या ओळीवर तारीख घातली, रकान्यात तीनशे पन्नास लिहिलं, आणि जरा विचार करून त्यापुढे त्याच उभ्या अक्षरात लिहिलं, "भांडण धरून."